भूगोलाचा मास्तर आणि हजार काळ्या सायकली

हॉलंडमध्ये मला पोलिसानं सायकलचोर म्हणून पकडलं, तेव्हा नागपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागून मला सतरा वर्षं झाली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा मेव्हणा विनू तिकडे नोकरीला होता. त्यानं बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, कुसुमला बोलावलं, आणि तिच्यासोबत सामान म्हणून मलाही. निघताना नागपूर स्टेशनवर बत्तीस माणसं हार घेऊन आली होती. (परतताना काय आणायचं, याच्या बत्तीस चिठ्ठ्याही त्यांनी दिल्या.)

तिसऱ्या दिवशी विनू कामावर निघाला आणि जाता जाता आपली सायकल आमच्या हवाली केली.

"भाऊजी, हा नकाशा ठेवा खिशात."

"नकाशा? मले?" मी छाती काढली. "अरे, मी पोट्ट्यांले जगाचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढून दाखवतो!"

"म्हणूनच श्रीलंका दरवर्षी वेगळ्या जागी असते," कुसुम म्हणाली आणि पदर खोचून कॅरिअरवर बसली.

रस्ता सुरेख होता. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला पाहून घंटी वाजवत होता. काय अगत्यशील लोक! मीही प्रत्येकाला घंटी वाजवून नमस्कार करत होतो. चौथ्या चौकात एका म्हातारीनं मला दंडाला धरून रस्त्याच्या उजव्या बाजूला नेऊन सोडलं, तेव्हा त्या घंट्यांचा अर्थ कळला.

पुढे कालव्यावरच्या पुलाचा उतार लागला. नागपुरी माणूस उतारावर काय करतो? ऐटीत पायडल उलटं फिरवतो. मीही फिरवलं. तिकडच्या सायकलीला ब्रेक हातात नसतो, उलट्या पायडलमध्ये असतो! सायकल जागच्या जागी थिजली, मी हँडलवर, आणि कुसुम फुलांच्या दुकानासमोरच्या ट्यूलिपच्या बादल्यांत.

"काहून थांबले?" तिनं बादलीतूनच विचारलं.

"फुलं दाखवाले," मी म्हणालो.

शेवटी स्टेशनपाशी सायकल लावली, कुलूप घातलं आणि पायीच शहर पाहायला गेलो. दोन तासांनी परत आलो. समोर हजारभर सायकली! सगळ्या काळ्या, सगळ्या उंच, एकाच आईची लेकरं असावीत तशा. नागपुरात माझी सायकल मी नुसत्या कुरकुरीवरून ओळखतो. इथं एकही कुरकुरेना!

"अहो, आपण ठेवली तवा समोर मोठं घड्याळ होतं. इथं कुठी आहे घड्याळ?" कुसुम म्हणाली.

"तू उगी राह्य. भूगोल माझा विषय आहे."

मग मी शास्त्रशुद्ध पद्धत काढली. पहिल्या सायकलीपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक कुलपाला किल्ली लावून पाहायची. साठेक कुलपं झाली असतील. खांद्यावर हात पडला. वर पाहिलं. सहा फुटांचा पोलीस!

"ही सायकल तुमची?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"ती शेजारची?"

"तीही नाही."

"मग किल्ली का लावता?"

"माझी नाही, याची खात्री करून घेतो आहे!"

एवढं सरळ उत्तर त्याच्या डोक्यात शिरेना. त्यानं पासपोर्ट मागितला. पासपोर्ट घरी. पत्ता मागितला. पत्ता नकाशाच्या मागे लिहिलेला, आणि नकाशाही घरी! तो मला चौकीवर चला म्हणू लागला. माझं बी.ए., बी.टी.चं इंग्रजी वीस मिनिटं त्याच्या टोपीवरून वाहून गेलं. बत्तीस हारवाल्यांना काय सांगणार?

इतक्यात कुसुम पुढे झाली. "ओ दादा, ऐका ना वो! घड्याळ... मोठं... टिकटिक!" तिनं मनगट दाखवलं, मग दोन्ही हातांनी हवेत भलंमोठं गोल काढलं. "तिथी ठेवली सायकल. हे ऐकूनच नाही राहिले!"

पोलिसाचा चेहरा उजळला. आम्हाला घेऊन तो बोगद्यातून स्टेशनच्या पलीकडे गेला. तिथं मोठं घड्याळ होतं, आणि त्याखाली, पहिल्याच रांगेत, विनूची सायकल. त्याच्यासमोर किल्ली लावली. खट्! उघडली. स्टेशनला दोन बाजू असतात, हे नागपुरात रोज दोन्ही बाजूंनी ये-जा करूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पोलिसानं कुसुमशी हात मिळवला, माझ्याशी नाही. त्यानं रस्ताही तिलाच विचारला. तिनं कालवा, चर्च, पावाचं दुकान असं हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि तो आम्हाला थेट दारापर्यंत सोडून गेला.

"कसं वाटलं शहर?" विनूनं विचारलं.

"शहर कायचं रे? आम्ही तं कुलपं पाहून राहिलो होतो," कुसुम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीची लेडीज सायकल मागून घेतली आणि एकटीच निघाली. (कॉलेजात असताना ती रोज सायकलनंच जायची. मी ते विसरलो होतो.) पुढचे दहा दिवस ती पवनचक्क्या, चीजचा बाजार, फुलांची शेतं पाहून येई. मी घरी बटाटे सोलत तिची वाट पाही आणि आल्यावर सगळं नीट विचारून घेई.

नागपुरात आजही कोणी आलं की मी हॉलंडवर तासभर बोलतो. "कालव्याच्या उजव्या हाताला एक पवनचक्की आहे, बरं का..."

"डाव्या," चहा ठेवता ठेवता कुसुम हळूच म्हणते.

"हो, डाव्या!" मी म्हणतो. "अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे!"