दुसरा गोलकीपर

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलांना तर नाहीच. क्लबातली जी दोन-चार जुनी मंडळी अजून भेटतात, ती मला भला माणूस समजतात — आणि तसं कुणी तोंडावर म्हणालं की मी खाली बघतो, तर त्यांना तो माझा विनय वाटतो. आज लिहायला बसलोय तोही तीनदा उठून. एकदम मुद्द्यावर येता येत नाहीये. आधी थोडं इकडचं तिकडचं सांगतो.

जळगावच्या एका फुटबॉल क्लबात मी दुसरा गोलकीपर होतो. क्लबाचं नाव लिहीत नाही. आता तो क्लबही उरलेला नाही. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. गावाला वेड क्रिकेटचं, पण आम्ही वीस-बावीस जण असे होतो की संध्याकाळी पायात बूट चढवल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटायचा नाही. कुणी कोर्टात कारकून, कुणी केळीच्या वखारीत, कुणी मास्तर. मी कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात लिपिक होतो. अक्षर चांगलं — हे लक्षात असू द्या, कारण त्या अक्षराने मी जे लिहिलं ते पुढे येणार आहे.

दुसरा गोलकीपर म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं. बाकी कुठल्याही जागेचा राखीव खेळाडू कधी ना कधी आत जातो. कुणी दमतं, कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला डावीकडून उजवीकडे सरकवतात. गोलकीपर दमत नाही. त्याची जागा एकच. पहिल्याला काही झालं तरच दुसऱ्याची पाळी. मग दुसऱ्याने कडेला बसून मनात कसली इच्छा धरायची — सांगा बरं? चार मोसम मी स्वच्छ धुतलेल्या जर्सीत बाकावर बसलो. चार मोसम माझी जर्सी आई न मळलेलीच पुन्हा धुवायची.

पहिला गोलकीपर सुभाष. नशिराबादच्या पुढे हायवेला लागून त्याचं गाव, घरी केळी आणि कपाशी. रोज सायकलने यायचा. उंच, लांब हातांचा, आणि स्वभावाने इतका सरळ की त्याचा राग करायलाही जागा मिळू नये. सराव संपला, सगळे गेले, की तो मला म्हणायचा, आता तू उभा राह्य, मी मारतो. अर्धा-अर्धा तास मला बॉल मारत बसायचा. स्वतःची जागा घेऊ शकेल अशा माणसाला तो स्वतःच तयार करत होता. मला ते कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. त्याने माझा जळफळाट कमी व्हायच्याऐवजी वाढायचा.

मे महिन्यातला सराव चालू होता. एका संध्याकाळी असेच आम्ही दोघे मागे राहिलो होतो. मी बॉल मारला, त्याने अडवला नाही. बघतो तर तो गोलच्या खांबापाशी आडवा झालेला, हातपाय झटके देतायत, डोळे फिरलेले. मला वाटलं ऊन लागलं. मग तोंडाशी फेस दिसला तेव्हा कळलं. मी त्याला कुशीवर केलं, डोक्याखाली माझी जर्सी दिली. दोन-तीन मिनिटंच असतील. शुद्धीवर आला तेव्हा जीभ चावली गेलेली, ओठाच्या कडेला रक्त. बराच वेळ माझ्याकडे ओळख नसल्यासारखा बघत राहिला आणि मग पहिलं वाक्य बोलला ते हे —

“मोहन, कोनाले सांगजो नको. माही सोयरीक जुळेल हाये.”

शिरपूरची मुलगी होती. दिवाळीनंतर लग्न ठरलं होतं. मी त्याच्या गळ्याची शपथ घेतली. त्याने मागितली नव्हती, मीच घेतली.

जळगावात डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. दवाखान्यात कुणी ना कुणी ओळखीचं भेटणार. म्हणून आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. तिथे त्याचा मावसभाऊ दिलीप राहायचा. रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान, कमी बोलणारा, बोटांना कायम सोल्डरिंगचा वास. दोघे लहानपणी प्रत्येक सुट्टीत एकत्र वाढलेले, सख्ख्यापेक्षा जवळ. दिलीपने आधीच नंबर लावून ठेवला होता. दवाखान्यातल्या बाकावर तो सुभाषचा हात हातात घेऊन बसला, दोघे तिशीला आलेले पुरुष, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. एकही चुकवायची नाही, उपाशी पोटी उन्हात पळायचं नाही. खेळ सोडायला त्यांनी सांगितलं नाही. सुभाषने मुद्दाम दोनदा विचारलं, आणि मी शेजारी उभा राहून दोन्ही वेळा उत्तर ऐकलं. हे यासाठी लिहितोय की पुढे मला काळजीचं निमित्त सांगता येऊ नये.

म्हणजे ही गोष्ट तिघांना ठाऊक होती. सुभाषला, दिलीपला आणि मला.

आता आढाव्याचं सांगतो. पावसाळा लागायच्या आत आमच्याकडे येत्या मोसमाच्या संघाचा लेखी आढावा व्हायचा. आबा सांगायचे आणि मी लिहायचो. आबा म्हणजे आमचे प्रशिक्षक, निवृत्त ड्रिल मास्तर, गावभर सगळे त्यांना आबाच म्हणत. तो कागद मग क्लबाच्या अध्यक्षांच्या कापड दुकानाच्या माडीवर, सगळ्या कमिटीसमोर वाचला जाई. शेठजींना फुटबॉलमधलं फार कळत नसे, पण कागद नीट लिहिलेला असला की ते खूश. त्या वर्षी लिहिण्यासारखं बरंच होतं. डावा विंगर नोकरीला सुरतेला निघून गेला होता. बचावाची जोडी जुनी पण भरवशाची. अमळनेरच्या तेल गिरणीतला एक नवा सेंटर फॉरवर्ड मिळाला होता, दोन्ही पायांनी मारणारा. धुळ्याची स्पर्धा यंदा आपली, असं आबा बोलून दाखवत होते. आणि गोलच्या जागेपुढे मी तीन वर्षं एकच ओळ लिहीत आलो होतो — ‘सुभाष. चिंता नाही.’

त्या दुपारी आबांच्या घरी पडवीत बसून मी त्या ओळीपर्यंत आलो आणि थांबलो. पेन कागदावर टेकलेलं. आबांनी वर बघितलं, काय झालं म्हणाले. मी म्हणालो, काही नाही. ते परत म्हणाले, बोल.

मी बोललो.

कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मी सगळं सांगितलं — फेस, झटके, धुळ्याचा डॉक्टर, गोळ्या. आवाज खाली आणून सांगितलं, काळजीचा आवाज काढून सांगितलं. उद्या भर मॅचमध्ये त्याला काही झालं तर, असंही म्हणालो. त्याच्या जिवाची काळजी असती तर मी त्याच्याशी बोललो असतो ना? त्याच्याशी तर मी अक्षरही बोललो नाही. शेवटी आबांना म्हणालो, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. आबांनी शब्द दिला, आणि मरेपर्यंत पाळला. माझ्यापेक्षा त्यांचा शब्द पक्का निघाला.

मग आबांनी ती ओळ नवीन सांगितली. गोलच्या जागेपुढे मी माझ्याच हाताने माझं नाव लिहिलं. अक्षर जराही हललं नाही.

कमिटीने बदलाचं कारण विचारलं आणि आबांनी ते सांगितलं. असं काही कापड दुकानाच्या माडीवर ठेवलं की ते तिथे राहत नाही. शेठजींनी चांगल्या मनानेच कुणाला तरी सांगितलं असेल. पंधरा दिवसांत ते शिरपूरला पोचलं. मुलीकडचे दोघे जण आले, चहा घेतला, पत्रिकेत काहीतरी अडचण निघाली म्हणाले आणि गेले. सुभाषच्या आईने त्यांच्या कपबशा विसळायलाही घेतल्या नाहीत, तशाच बाहेर टाकल्या, असं मला त्याच्याकडूनच कळलं. कारण तो माझ्याकडेच आला. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

ऑफिस सुटायच्या वेळी फाटकाशी सायकल धरून उभा होता. आम्ही चालत निघालो. तो म्हणाला, तिघांनाच माहीत होतं. तू तर नाहीस. तो हे मला विचारत नव्हता हो, त्याने ते धरूनच ठेवलं होतं. मग थांबून म्हणाला —

“दिलीपनं सांगलं असंन का रे?”

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मला काय माहीत, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण मला भीती वाटली की दिलीप सुटला तर मागे एकच उरतो. म्हणून मी म्हणालो — मागच्या महिन्यात दिलीपला आबांच्या घरून निघताना पाहिलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

दिलीपने त्या महिन्यात जळगावात पाऊलही टाकलं नव्हतं.

मला वाटतं, माझा खरा गुन्हा आढाव्याचा नाही, हा आहे. पहिलं मी हावेपोटी केलं. हे मी चालता चालता, शांतपणे, एका वाक्यात केलं.  सुभाष सायकलची घंटी अंगठ्याने उगीच दाबत राहिला. त्या दिवसानंतर त्याने दिलीपचं नाव घेणं टाकलं.

मोसम सुरू झाला आणि मी गोलमध्ये उभा राहिलो. इतकी वर्षं जी जागा हवी होती ती मिळाली. आणि सुभाष काय करायचा माहीत आहे? प्रत्येक मॅचला यायचा. धुळ्याला, अमळनेरला, सगळीकडे, आमच्याच गाडीतून. माझ्या जाळीमागे उभा राहायचा आणि हळू आवाजात मला सांगत राहायचा — डावीकडे सरक, पुढे ये, आता घाई नको. त्याच्या सांगण्यावरून मी बॉल अडवत होतो. समोर मैदान, दोन्ही बाजूंना खांब, मागे तो. त्या चौकटीतून मला कुठेही जाता येत नव्हतं. धुळ्याची स्पर्धा आम्ही जिंकलो. त्याने मला उचलून घेतलं होतं.

हिवाळ्यात एका दुपारी दिलीप माझ्या दारात आला. सुभाषकडे जाऊन आला होता. सुभाषने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. मी पाणी दिलं. तो धुळ्यातच वाढलेला, बोलायचा पक्की अहिराणी. पेला हातात फिरवत म्हणाला —

“भाऊ, तुले तरी वाटस का, मी सांगं व्हई?”

त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. त्याला फक्त एक माणूस हवा होता, जो म्हणेल की नाही, मला नाही वाटत. एवढंच मागत होता तो. मी म्हणालो, मला काय कळणार भाऊ, तुम्हा दोघांतलं आहे ते. त्याने पाणी पूर्ण प्यायलं, पेला व्यवस्थित खाली ठेवला आणि धुळ्याची गाडी पकडायला गेला.

त्यानंतर वर्षं गेली. गोळ्या चालू होत्या, सुभाषला पुन्हा फारसा त्रास झाला नाही. सहा वर्षांनी लग्न झालं, संसार चांगला झाला. मी कधी कधी स्वतःला हे सांगून बघतो — बघ, त्याचं काही वाईट झालं नाही. मग दिलीप आठवतो. सुभाष मात्र माझ्याबद्दल सगळ्यांना सांगत असतो, जावयालासुद्धा सांगून झालं: हा एकच माणूस, याने पोटात ठेवलं. अशा वेळी मी कुठे बघावं ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्यापासून लांब जावं म्हणून एकदा बदलीचा अर्जही केला होता. तो कळल्यावर रडवेला झाला. मी अर्ज मागे घेतला. त्याने मला सोडलं नाही, मला त्याला सोडता आलं नाही — आणि याला आमच्याकडे मैत्री म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दिलीप गेला. हृदयविकार, चाळिशीच्या आतबाहेर. निरोप आला तेव्हा सुभाष म्हणाला, मी एकटा नाही जाणार, तू चल. दोन तास एसटीत तो खिडकीशी, मी शेजारी. बोलायला दोन तास होते. मी तिकिटाची घडी करत बसलो.

दिलीपची बायको भिंतीला टेकून बसलेली होती. सुभाष तिच्यासमोर जाऊन बसला. नवऱ्याचं नाव न घेता तीच बोलली, रडत नव्हती —

“भाऊ, त्या शेवटलगुन एकच सांगेत — ‘मी काही सांगं नही.’”

सुभाषने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेरा-चौदा माणसं होती त्या खोलीत, त्याने माझ्याकडेच बघितलं. संशयाने नाही. त्याला आता कुणावर विश्वास ठेवू, एवढंच विचारायचं होतं, आणि ते विचारायला त्याच्याकडे माझ्याशिवाय माणूस नव्हता.

मी हळूच नकाराची मान हलवली. म्हणजे — जाऊ दे, त्या बाईचं काय ऐकतोस.

त्याने डोळे पुसले आणि तिला म्हणाला, झालं गेलं, मी त्याला माफ केलं.

दिलीप खरं बोलत होता.