दाढेची एक बाजू

१९९३ सालच्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम एकशे ऐंशी रुपये, काम पुरं झाल्यावर द्यायची. हजर तिघं: ठाण्याच्या बाजारात सुऱ्या-कोयते विकणारा दुकानदार, बाळकुमहून आलेली एक म्हातारी कोळीण आणि मी.

त्या दुकानात मी महिन्यातून एकदा सुऱ्यांच्या मुठी पोचवत असे. नोकरी मानपाड्याच्या एका कारखान्यात, मोटारींच्या वाइंडिंग खात्यात. तांब्याच्या कॉइली टाकीत ठेवायच्या, पंपाने टाकीतली हवा काढायची आणि पातळ रेझिन आत सोडायचं. हवेने मोकळी केलेली जागा रेझिन घेतं, मग ते भट्टीत घट्ट होतं. आदल्या वर्षी बायको वारली. मुलगी लग्न होऊन नागपूरला होती. भाजीवाला पाव किलोच्या खाली भेंडी देत नसे आणि पाव किलो मला तीन वेळा पुरायची. अशा दिवसांत मला मुठींचा नाद लागला. साहेबांची परवानगी काढून, रेझिनचे पैसे कारखान्यात भरून, मी शनिवारी पाळी सुटल्यावर कुजकी, भुसभुशीत लाकडं त्या टाकीत पक्की करू लागलो. घरी आणून ती कापायची, कानशीने घासायची. निदान दोन तास जायचे.

कोळणीने पदराच्या गाठीतून एक तुकडा काढला. तळहाताएवढा, दोन बोटं जाड, तपकिरी. सोबत एक सुरी, तिची मूठ खाऱ्या पाण्याने कुजून गेलेली. सुरी तिच्या नवऱ्याची. तुकडाही त्याचाच, खाडीत त्याच्या जाळ्यात आलेला. नवरा गेला, मागून होडी विकली, जाळी विकली. या दोन वस्तू उरल्या होत्या आणि त्यातला तुकडा आता हात लावला की झडत होता.

"याची मूठ कर," ती म्हणाली. "मंग रोज हातात राहील. नायतर याचा भुगा व्हनार."

मी तुकडा उजेडात धरला. वहीची पानं चिकटवावीत तशा उभ्या पट्ट्या होत्या. वाचनालयातल्या एका पुस्तकात मी असं चित्र पाहिलेलं होतं. मी म्हटलं, "मावशी, ही हत्तीची दाढ वाटते. फार जुनी, दगड झालेली."

"हत्ती पान्यात काय करतंय?" ती म्हणाली. "देवमाशाचा दात हाय तो. म्हाताऱ्यानी सांगलेला."

दुकानदार हसला. मी वाद घातला नाही.

सुरीच्या पात्याच्या दोन्ही अंगांना दोन फळ्या लागतात. पाणी सोडत दगड कापायच्या चकतीवर मी तुकड्याच्या बरोबर दोन फळ्या काढल्या. दोन्ही एकदम टाकीत घालायच्या नाहीत, एवढं शहाणपण होतं. पहिली भट्टीत मंद आचेवर वाळवली, वजन केलं, रेझिनमध्ये बुडवून पंप लावला. बुडबुडे आले, थांबले. घट्ट झाल्यावर पुन्हा वजन केलं. चार ग्रॅम वाढलं होतं. तेवढ्याच लाकडाने पुष्कळ जास्त घेतलं असतं. दगड कमी पीत असेल, असं मी मनाशी ठरवलं. वरून फळी काचेसारखी चकाकत होती.

घरी ती शिकंज्यात धरून कानस लावली आणि पट्ट्या एकेक करून सुटल्या. आत रेझिन पोचलंच नव्हतं. बोटांना मात्र चिकट तांबडं काहीतरी लागलं. वास घेतला. खोबरेल. रेझिनची जागा तेलाने आधीच घेतली होती.

पुढच्या रविवारी तुकडे कागदात बांधून बाळकुमला गेलो. तिचं घर गल्लीच्या टोकाला होतं. मागे नव्या इमारतीची भिंत उभी राहिली होती, त्यामुळे दुपारीही आत दिवा लागे. तिने कागद उघडला, बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, "याला कधी तेल लावलं होतं का?"

"कवा म्हंजे? दर नारली पुनवेला. तेल नि शेंदूर. म्हातारा होरीच्या नाळीला, फुडच्या टोकाला लावायचा, तवा यालाबी."

"किती वर्षं?"

"लगीन झाला तवापासून. नि तुना द्यायच्या आदल्या दिशी मी लावला. घरातून भायेर पाठवायचा तो काय उपाशी पाठवू?"

"मला सांगायचं नाही का?"

"तू इचारलंस कवा?"

खरंच विचारलं नव्हतं. कारखान्यात कॉइल येते ती स्वच्छच येते. तिला कोणी तेल लावून पाठवत नाही.

ती तुकडे घेऊन आत गेली. मला वाटलं, आता उरलेली फळी परत मागेल. ती बाहेर आली ती ताट घेऊन. "जेवलास?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत भात वाढला. कालवणात बोईट मासा होता. भात संपत आला तसा न विचारता आणखी एक डाव पडला. घरी मी एक वाटी तांदूळ लावायचो, त्यामुळे दुसरा डाव हा प्रकारच राहिला नव्हता.

"दुसरी तरी वाचंल ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आधी तेल काढावं लागेल. वेळ जाईल."

दुसरी फळी मी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात थिनरमध्ये बुडवून गॅलरीत ठेवली. शनिवारी पाहावं तर थिनर तांबूस झालेलं. ते बदललं आणि थोडं बाटलीत भरून रविवारी तिला दाखवायला नेलं. तेवढ्यासाठी बाळकुमपर्यंत जायची काही गरज नव्हती.

"सरबत आनलास काय?" ती म्हणाली.

"तुमच्या शेंदराचा रंग आहे."

तिने बाटली दिव्याकडे धरली. "अजून निंगतंय. लई दिसांचा हाय." मग जेवायला वाढलं. बोलणं फार होत नसे. ती मासळीचे भाव सांगायची, मी ऐकायचो. पुढच्या रविवारी रंग फिका होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून फिका. कामासाठी ते चांगलंच होतं. पण बाटली खिशात घालून बसमध्ये बसताना मला तितकं चांगलं वाटत नव्हतं. शेवटी नवं थिनर ओतलं तसंच स्वच्छ राहिलं. आणखी एक आठवडा ठेवून पाहावं असा विचार आला. पण काम झालेलं दिसत असताना ठेवून उपयोग काय?

फळी वाळवली, टाकीत घातली. या वेळी बुडबुडे थांबायला दुप्पट वेळ लागला आणि वजन अकरा ग्रॅम वाढलं. कानस लावली तेव्हा पट्ट्या हलल्या नाहीत. घासल्यावर पांढऱ्या, करड्या आणि मधासारख्या रेघा वर आल्या. दुसऱ्या बाजूला शिसवी लाकूड बसवलं, तीन पितळी पिना ठोकल्या, मूठ गुळगुळीत केली.

जानेवारीतल्या एका रविवारी सुरी घेऊन गेलो. ती दारात मासळी साफ करत बसली होती. तिने सुरी घेतली, दाढेची बाजू अंगठ्याने दाबून पाहिली, नखाने खरवडली. काही झडलं नाही. मग एका बोइटाचं पोट एका ओढीत फाडलं, सुरी पाण्यात धुतली, पदराला पुसली आणि पुन्हा अंगठा त्याच जागी ठेवला.

मग म्हणाली, "एक बाजू लाकराची हाय."

"हो. पहिली फुटली ना."

"मंग पैसं पन अर्धं."

मला हसू आलं. थिनर, रेझिन आणि पितळ मिळून माझा खर्च एकशे बत्तीस झाला होता, पण ते मी बोललो नाही. म्हटलं, "राहू द्या. सवडीने द्या. पुढच्या खेपेला घेईन."

"फुडची खेप कसली? काम झाला ना?"

"झालं."

"मंग? मी कोनाचा ठेवत नाय."

तिने हात धुतले, कमरेची पिशवी सोडली आणि नोटा मोजल्या. दहाच्या नऊ, ओलसर. सुरी तिने टोपलीत वरच ठेवली आणि बाजाराला निघाली, कारण उशीर झाला होता. मी बसच्या थांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो. तिची बस आधी आली.

एकशे ऐंशी ठरले होते. नव्वद मिळाले, कोळणीकडून मला, रोख. येणं काही राहिलं नाही.