थोडं राहिलंय

तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी बाईंचं शिकवणं बघत होतो. शाळाशाळांतून असं बसणं हे माझं नेहमीचंच काम. फळ्यावर गणितं होती, मुलं सोडवत होती. माझ्या पुढ्यातली ईशा केव्हाच मोकळी झाली होती. पण वहीवर हात आडवा ठेवून ती पेन्सिलीला टोक काढत बसली होती. टोक आधीच चांगलं होतं.

"ईशा, झालं असेल तर ज्वालामुखीचा प्रकल्प करायला घे," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, थोडं राहिलंय."

हुशार मुलांसाठी बाईंकडे प्रकल्पांना तोटा नव्हता. कपाटावर थर्माकोलची सूर्यमाला होती, पवनचक्की होती, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल होता. लवकर आवरणाऱ्याच्या हातात आपण लगेच दुसरं काम देतो. घरोघरी सुनांना देतात तसंच. त्यात दुष्टावा नसतो. रिकामे हात आपल्याला बघवत नाहीत, एवढंच.

ईशा खिडकीकडे बघत होती. गजांमध्ये एक कोळी जाळं विणत होता. प्रत्येक धागा चिकटवण्याआधी तो पायाने अंतर चाचपत होता, आणि इकडे बाकावर ईशाचं बोट तसंच थांबत, चाचपत पुढे सरकत होतं.

बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, फार हुशार आहे हो ही. हिला एखादा नवा प्रकल्प सुचवा ना."

जाळ्याचा अर्धा घेर अजून व्हायचा होता.

"थांबा जरा," मी म्हटलं, "तिचं थोडं राहिलंय."