यादीतून गाळलेलं घर: कर्जत-खालापूरची कॅरल फेरी

डिसेंबरात कर्जतला जाणारे लोक फार्महाऊस शोधतात. मी मात्र स्टेशनबाहेर सकाळी साडेसातला, कानाला मफलर गुंडाळून, एक निळा टेंपो शोधत उभी होते. नाताळच्या आधी कर्जतच्या मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चच्या माणसांची, कॅरल पार्टी निघते, घरोघर नाताळची गाणी म्हणत. यंदा मी तिच्याबरोबर दोन दिवस फिरले आणि एक मोठा घोळ घालून ठाण्याला परत आले. घोळ माझाच आहे, म्हणून तो लपवणार नाही.

या भागात ख्रिस्ती घरं थोडी आणि लांब लांब. एका संध्याकाळी सगळी उरकणं शक्यच नाही. त्यामुळे इथे दिवसाउजेडी टेंपो करून गाणी गातात, दोन दिवस. मंडळीतले जबाबदार गृहस्थ म्हणजे सुधाकरभाऊ. त्यांनी महिनाभर आधी फोन केला, "मंगलताई, तुमी पोस्टात होता, तेवढा रस्ता लावून द्या आमाला."

मला काय, असली कामं म्हणजे आवडता उद्योग. बावीस घरांची यादी आली. त्यातलं एक मी स्वतः गाळलं, शालूताईचं.

शालूताई माझी चुलत बहीण. भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या अलीकडच्या गावात राहते. जूनमध्ये तिचा एकुलता एक मुलगा अमोल खोपोलीहून घरी येताना मोटरसायकलच्या अपघातात गेला. आमच्यात ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे त्या नाताळात दारावर कागदी चांदणी टांगत नाहीत, करंज्या तळत नाहीत. मग अशा दारात ढोलकी वाजवत जायचं? सुधाकरभाऊ म्हणाले, "एकदा विचारून बघू का त्यांना?"

"अहो, विचारायचं काय त्यात? मी ओळखते तिला," मी म्हटलं आणि विषय मिटवला.

पहिला दिवस खालापूर तालुक्याचा. टेंपोत सतरा माणसं, एक ढोलकी, दोन जोड्या टाळ आणि पाण्याचा जार. वर्गणी माणशी दीडशे. टेंपोत पाठीमागे बसणार असाल तर बुडाखाली घोंगडी घ्या, माझं ऐका. खोपोलीपर्यंत कंबर शाबूत होती, त्यापुढे आतल्या गावांच्या रस्त्यांनी तिची खबर घेतली. इथली रीत मला फार आवडली. घराचं दार बंद असतं. पार्टी अंगणात उभी राहून पहिलं गाणं पुरं करते, मग आतून कडी निघते आणि सगळे "सलाम, सलाम" करत आत शिरतात. चहा, करंजी, छोटी प्रार्थना, पुढचं घर. दुपारपर्यंत मी अकरा करंज्या खाल्ल्या होत्या. बाराव्या घरी हात जोडले, तर त्या बाईंनी पिशवीत बांधून दिल्या.

मुक्काम कर्जतला सुधाकरभाऊंकडे. रात्री वालाच्या शेंगांची भाजी आणि तांदळाची भाकरी होती, त्यापुढे हॉटेल बिटेल सगळं झूट.

दुसऱ्या दिवशी कशेळ्याच्या वाटेला लागलो. रस्ता बरा आहे, भाताच्या कापलेल्या खाचरांत वाल उभा होता आणि डोंगरावर धुकं. गाडीतच जोरजोरात गाणी चालू होती. शालूताईच्या गावाचा फाटा आला तसे सुधाकरभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी नकारार्थी मान हलवली. गाडी पुढे गेली.

कशेळ्याच्या बाजारात वडापाव खाल्ला. पोशीरचं शेवटचं घर झालं तेव्हा बारा वाजले होते. नेरळला पार्टी मोडली. टेंपोला दुसरं भाडं होतं, तो गेला. मी मिळालेल्या करंज्यांचा डबा घेऊन एकटीच शालूताईकडे निघाले. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल तर भिवपुरी रोड स्टेशनवर उतरू नका. पॉवर हाऊसला कर्जतहूनच जा, शेअर रिक्षा मिळते.

दार बंद होतं. दारावर चांदणी.

अंगण सारवलेलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या. चुलीवर चहाचं मोठं पातेलं, खालचा विस्तव विझलेला. मी कडी वाजवली. शालूताईने दार उघडलं. नवी साडी, केसांना तेल. ती माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली.

"बाकीचे कुठं हायत गं?"

मी करंज्यांचा डबा पुढे केला. तो तिने घेतला नाही.

"सकाळी गाडी फाट्यावरनं गेली ना, तवा आवाज ऐकला मी. म्हटलं, पुढची घरं करून येताना येतील. तवापासून दार लावून बसलेय."

"ताई, मीच नको म्हटलं त्यांना. वाटलं, तुला त्रास होईल."

ती मटकन खुर्चीवर बसली. मला वाटलं रडेल. पण ती चिडली होती.

"त्रास? रोज रडते मी, मंगल. भाकरी थापताना रडते, त्याची चड्डी-बनियन अजून खुंटीवर हाय, ती बघून रडते. पण अमोल गेला म्हणून येशू जन्मला ती गोष्ट खोटी झाली काय? मरियेचं तरी काय धड होतं गं? गोठ्यात बाळंत झाली, मग लेकरू उचलून पळाली. सुखात असताना गाणी आली काय, नाय आली काय. मला या वर्षी पायजे होती!"

ती जरा शांत झाली.

"तुझा नवरा गेला, तवा नाताळाला तू आमाला येऊ नका म्हणालीस. आमी आलो नाय. ते तुझं झालं. माझं तसं नाय ना गं."

लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणात येऊन सुधाकरभाऊंना फोन लावला. ते फक्त म्हणाले, "जेवढी माणसं गावतील तेवढी घेऊन येतो."

"तोवर तू म्हण," शालूताई म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

माझा आवाज म्हणजे फाटकं सूप. तरीही उभी राहिले आणि सुरू केलं. दुसऱ्या ओळीला सूर गेला, तिसऱ्या ओळीला शब्द विसरले. शेजारच्या दोघी बायका, ज्यांच्या घरून खुर्च्या आणल्या होत्या, येऊन बसल्या आणि टाळ्यांनी ताल धरू लागल्या. कडवं संपलं. कडी निघाली. शालूताई दारात उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दोन्ही एकदम. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"काय गं तो आवाज," ती म्हणाली. "ये आत."

चारच्या सुमारास सुधाकरभाऊ सहाजणांना घेऊन जीपने आले. ते दारात मान खाली घालून उभे राहिले, तर तिने आधी त्यांच्या हातात चहा दिला. मग चार गाणी झाली. शेवटी तिने स्वतः प्रार्थना केली. अमोलचं नाव घेताना अडखळली, थांबली आणि पुन्हा त्याच नावापासून पुढे बोलली. तो एकतीस वर्षं आपल्याला मिळाला म्हणून तिने देवाचे आभार मानले.

संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला आले. फोटो थोडे आहेत, चांगले नाहीत. शालूताईला कळलेलं मला कळलंय असं म्हणणं म्हणजे थाप होईल. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, देवाशी माझं अजून सरळ बोलणं नाही. आनंद हा दुःख संपल्यावर येतो, अशी माझी पक्की समजूत होती आणि तो येईपर्यंत मी घर बंद ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ठाण्याच्या मंडळीच्या सेक्रेटरींना फोन केला. "कॅरल पार्टी माझ्याकडे कधी येणार?"

ते गडबडले. "बाई, आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास..."

"होईल," मी म्हटलं. "पण या."

शनिवारी सहाला येतायत. तीस माणसं आहेत आणि माझ्याकडे कप अकरा.