वाटीतलं पाणी

जोहे गावच्या गणपती कारखान्यात मूर्तीचे डोळे आखणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, लांबूनच हाक मारायची. पण तिथे डोळे आखणाऱ्या हेमलताला जन्मापासून ऐकूच येत नव्हतं. तिचा थोरला भाऊ वामन तिचा खांदा हलवायचा आणि मूर्तीची भुवई वाकडी झाली की वर तिच्यावरच डाफरायचा. गिऱ्हाइकांचे निरोपही त्याच्या मर्जीनेच तिच्यापर्यंत पोचायचे आणि मोठ्या मूर्तींचे डोळे तो स्वतःच आखायला घ्यायचा.

अठ्ठ्याण्णव साली मूर्ती पोचवणाऱ्या टेम्पोवाल्या महमूदभाईंनी तिला निरोप आला की थरथरणारा आपला जुना पेजर दिला आणि त्याचा नंबर गिऱ्हाइकांना वाटला. पहिल्याच दिवशी तो कमरेला थरथरला, ती दचकली आणि गणपतीचा एक डोळा बिघडला. "बहिरीला यंत्र कशाला?" म्हणत वामन पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी तिने पेजर फळीवर, कुंचला धुवायच्या वाटीला टेकवून ठेवला. दुपारी वाटीतल्या पाण्यावर बारीक तरंग उठले. हेमलताचा हात हलला नाही. तिने आधी बुबुळ पुरं केलं, मग पेजरवरचा इंग्रजी अक्षरांतला निरोप निवांत वाचला. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत ती ती अक्षरं शिकली होती. वामन कधी शिकलाच नव्हता.

"काय म्हणतोय गो?" तो हातवारे करत विचारू लागला. तिने बोटाने त्याला थांबवलं आणि दुसरा डोळाही आखला. मग त्याच कुंचल्याने फळीवर मराठीत लिहिलं.

"मोठ्यानं वाचा, दादा!" रंगकाम करणाऱ्या बाया ओरडल्या.

वामनला वाचावंच लागलं. "रोह्याचं मंडळ. बारा फुटी मूर्ती. डोळे ताईच आखणार, वामन नाय."