बाबांनी वाफ्याखाली प्लास्टिक घातलं!

मंडळी, इथे परदेशात, एडिसन गावातल्या आमच्या बॅकयार्डमध्ये नुसती चिकणमाती. पाणी साचतं, मेथी दरवर्षी कुजते. म्हणून काल बाबांनी आणि मी फळ्या ठोकून उंच वाफा केला.

आज सकाळी पाणी घातलं, तर वाफ्यात तळं! बाबांनी गुपचूप तळाशी प्लास्टिक अंथरलं होतं.

"अगं, खाली गळेल ना!"

"बाबा, ही पुण्यातली गच्ची नाही. गळायलाच हवंय!"

दोघंही पोट धरून हसलो. मग सगळी माती उपसून प्लास्टिक काढलं, माती परत भरली. पाणी झरझर खाली गेलं. पाठ दुखत असूनही मेथी बाबांनीच पेरली. उद्या त्यांची पुण्याला परतीची फ्लाइट आहे, तरीही.

थँक यू, बाबा.

तुमच्या अंगणात कोणी पेरून गेलेलं काय उगवतंय?