तंबूच्या खांबाची गुढी

चार मराठी माणसं ताटं घेऊन बसली की कुणीतरी म्हणतंच, "ती गुढीची गोष्ट सांगा हो!" मग मी ताट बाजूला ठेवतो, उभा राहतो, हवेत दहा फुटांचा खांब उभारतो, बायकोचा आवाज काढतो, मालकांचा आवाज काढतो. लोक पोट धरून हसतात. ती गोष्ट मी पाडव्याच्या दुपारी श्रीखंडाच्या वाटीपाशी संपवतो. त्यानंतर महिनाभरात जे घडलं ते बायको सोडून मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गोष्ट सुरू झाली की बायको पाणी आणायला म्हणून उठते, ती टाळ्या वाजेपर्यंत परत येत नाही.

मी तेव्हा अबू धाबीजवळ मुसफ्फात, तंबू बनवणाऱ्या एका कंपनीत सेल्सला होतो. मालक पुण्याचे. पार्किंगवरच्या कापडी सावल्या, लग्नाचे शामियाने, साइटवरच्या कामगारांसाठी मांडव असं आमचं काम. दोन हजार आठच्या शेवटी बाजार कोसळला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. क्रेन होत्या तिथेच उभ्या राहिल्या. लोक गाड्या विमानतळावर सोडून देश सोडताहेत म्हणे, तिथे गाडीला सावली कोण मागणार? दर महिन्याला मालक एक यादी करायचे आणि त्या यादीतली माणसं घरी जायची.

अशात आम्हाला एकच मोठी ऑर्डर आली, तीही आफ्रिकेतून. एका जोडप्याचा तिथे सफारी कॅम्प होता. नवऱ्याच्या वडिलांनी सुरू केलेला. आता नवरा पाहुण्यांना प्राणी दाखवायचा आणि बाई स्वयंपाकघर सांभाळायची. दोघंही सत्तरीचे. त्यांना बारा नवे तंबू हवे होते, पण हुबेहूब जुन्यासारखे. तेच हिरवट कॅनव्हास, त्याच पितळी कड्या, बाहेर तीच कापडी अंघोळीची बादली. तंबूला दार नाही, म्हणून पहाटे चहाचा ट्रे घेऊन येणारा माणूस टकटक करण्याऐवजी तीनदा खोकतो. रात्री सगळे पाहुणे एकाच लांब टेबलाशी जेवतात आणि म्हातारा रोज हत्तीचा तोच विनोद सांगतो. हे सगळं बाईंनी पत्रात लिहिलं होतं. मी आफ्रिकेत पाऊलही ठेवलेलं नाही, पण महिनाभर ऑफिसात तीनदा खोकूनच मालकांच्या केबिनमध्ये शिरत होतो.

"रात्रीचे अठराशे दिरहम!" मालक म्हणाले. "म्हणजे आपले चोवीस हजार. आणि अंघोळ बादलीनं? अहो, आपल्या लेबर कॅम्पात फुकट मिळते ती!"

नमुना म्हणून बाईंनी त्यांचा सगळ्यात पहिला तंबू जहाजाने पाठवला. सासऱ्यांच्या वेळचा. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं, की काय हवी ती मापं घ्या, पण आला तसाच परत पाठवा. त्या तंबूचा मधला खांब एकाच लाकडाचा होता, दहा फूट सरळसोट, वजनाला शिसवासारखा. मी तो पाहिला आणि माझ्या डोक्यात भलतीच घंटा वाजली. पाडवा तीन दिवसांवर होता.

आता आमच्याकडच्या गुढीचं सांगायला हवं. मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही ज्या व्हिलात राहायचो तिथे चार मराठी कुटुंबं होती. कडुलिंब रस्त्याकडेला हवा तेवढा. साखरेच्या गाठी शारजात रोल्लाच्या बाजारात मिळायच्या. नाही मिळायचा तो बांबू. त्यामुळे दर वर्षी कुणाची गुढी फरशी पुसायच्या दांड्यावर, कुणाची पडद्याच्या रॉडवर. आदल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांनी आठ फुटी स्टीलचा पाइप आणला होता आणि वर्षभर त्या पाइपचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते.

मी खांब कंपनीच्या पिकअपमध्ये घालून घरी दाखवायला नेला. बायकोनं त्यावरून हात फिरवला.

"ह्याला माझी पैठणी? मुळीच नाही. किती खाचा आहेत बघा. जरीचा धागा अडकला की संपलं."

"अगं, दहा फूट आहे!"

"असेल. खाचा आधी घालवा, मग साडी देते."

मुलगी कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, "बाबा, इट्स नॉट इव्हन युअर पोल."

बारा वर्षांच्या पोरीला कळलं ते मला कळलं नाही. खाचा खांबाच्या एका बाजूला होत्या, गुडघ्यापासून छातीपर्यंत, चाकूने केलेल्या, काहींच्या शेजारी एखादं अक्षर. मला वाटलं, जुनं लाकूड, कुणीतरी कोरत बसलं असेल. शिवाय मनाशी म्हटलं, घासून-पॉलिश करून परत दिला तर बाई खूशच होतील. भांडं घासूनच परत द्यायची आपली रीत.

दुसऱ्या दिवशी खांब घेऊन आमच्या सुताराकडे गेलो. तो गोरखपूरकडचा, पंचावन्नच्या आसपासचा. सगळे त्याला चाचा म्हणत. कामाची त्याची एक पद्धत होती. कुठल्याही जुन्या लाकडाला हात लावण्याआधी त्याच्या शेजारी एक पातळ पट्टी ठेवायचा आणि त्या लाकडावरची प्रत्येक खूण पेन्सिलीनं तिच्यावर उतरवून घ्यायचा. मोजपट्टीवर त्याचा विश्वास नव्हता. "नंबर आदमी भूल जाता है साब, पट्टी नहीं भूलती." त्याच्या कोपऱ्यात अशा शेकडो पट्ट्या उभ्या असायच्या. मालक त्यांना सरपण म्हणायचे.

चाचाचं आणि माझं त्या दिवसांत एक बोलणं झालेलं होतं. सुतार दोन होते, त्यातला एक घरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. चाचाचा धाकटा मुलगा आयटीआयला होता. "बस डेढ़ साल और, साब. लड़का खड़ा हो जाए, फिर मैं खुद चला जाऊँगा." मी छातीवर हात ठेवून, अगदी रंगमंचावर असल्यासारखा म्हणालो होतो, "चाचा, जब तक मैं यहाँ हूँ, तुम्हारा नाम कोई नहीं लिखेगा." आणि मालकांकडे खरंच त्याच्यासाठी शब्दही टाकला होता.

चाचानं खांब आडवा ठेवला, खाचांवरून बोट फिरवलं आणि थांबला.

"साब, ये ऐसे ही नहीं है. किसी ने सोच के लगाया है."

"अरे चाचा, पुराना माल है. रंधा मारो."

"एक बार मेमसाब से पूछ लो ना."

"क्या पूछना? परसों पाडवा है, घर पे सबसे ऊँचा झंडा लगाना है. चलो यल्ला, खलास करो!"

त्यानं रंधा मारला. पॉलिश पेपर फिरवला, वर वॉर्निश चढवलं. खांब आरशासारखा झाला.

पाडव्याच्या सकाळी माझी गुढी गच्चीवर उभी राहिली. दहा फूट! जांभळी पैठणी, कडुलिंबाची डहाळी, रोल्लाच्या गाठी, वर तांब्या. शेजारी स्टीलचा पाइप असा काही खाली मान घालून उभा होता की विचारू नका. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, "काय हो, मनोराच उभा केलात की!" मी म्हणालो, "आफ्रिकेहून मागवला." इथे माझी गोष्ट संपते आणि लोक टाळ्या वाजवतात.

तीन आठवड्यांनी बाई आणि त्यांचे यजमान तंबू पाहायला मुसफ्फाला आले. आम्ही अंगणात जुना तंबू उभा केला होता आणि शेजारी नवा. मी पुढे होऊन त्यांच्यासमोर तीनदा खोकलो. दोघंही खळखळून हसले. बाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही एकदा यायलाच हवं." मी फुलून गेलो.

मग त्या जुन्या तंबूत शिरल्या. आत जाताना त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जिन्याच्या कठड्याला हात जावा तसा त्यांचा हात सवयीनं खांबावर गेला. आणि घसरला. त्यांनी पुन्हा हात ठेवला. मग खांबाच्या चारही बाजूंनी फिरल्या.

"खुणा कुठे आहेत?"

यजमानांनी डोक्यावरची हॅट काढली.

त्या खुणा मुलांच्या उंचीच्या होत्या. दर वर्षी पावसाळा संपून कॅम्प उघडला की पहिल्या दिवशी घरातल्या मुलांना खांबाला टेकवून उभं करायचं आणि डोक्यावर चाकूनं खाच करायची. तीन पिढ्यांची मुलं. यजमानांची स्वतःची खूण होती. त्यांच्या बहिणीच्या तीनच होत्या. चौथ्या वर्षी ती नव्हती. बाई हे सगळं शांतपणे सांगत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे कुणी केलं?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सुतारानं." आणि लगेच पुढे म्हणालो, "मी त्याला हात लावू नको म्हणून बजावलं होतं."

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. माझ्या आवाजात चीडही होती, खरी वाटावी अशी. ती कला माझ्यात पहिल्यापासून आहे.

चाचाला बोलावलं. मालक म्हणाले, "चाचा, ये क्या किया? साब ने मना किया था ना?"

चाचानं माझ्याकडे पाहिलं. मी तंबूच्या कडीकडे पाहत होतो, ती पितळेची होती आणि नीट घासलेली होती.

"गलती हो गयी, साब," तो म्हणाला. मग बाईंकडे वळून, "एक मिनट, मेमसाब." तो निघून गेला आणि एक पातळ पट्टी घेऊन परत आला.

त्यानं ती खांबाला लावून धरली. पट्टीवर पेन्सिलीच्या सगळ्या रेघा होत्या, अक्षरांसकट. बाई धुळीत गुडघ्यांवर बसल्या. एकेका रेघेवर बोट ठेवून नावं सांगू लागल्या आणि चाचा पटाशीनं एकेक खाच पुन्हा पाडू लागला. बहिणीच्या तीन खाचा यजमानांनी पटाशी मागून घेऊन स्वतः पाडल्या. अगदी खालची एक रेघ कुणाचीच निघेना.

"तो कुत्रा," यजमान म्हणाले. "वडील कुत्र्यालाही उभं करायचे." बाई हसल्या, रडल्या, आणि चाचाचा वॉर्निशनं काळा पडलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

ऑर्डर राहिली. संध्याकाळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर त्या महिन्याची यादी होती.

"माणूस गुणी आहे हो," ते म्हणाले. "पण सांगूनही ऐकत नाही म्हणजे अवघडच. तुम्ही त्याच्यासाठी बोलला होतात, म्हणून विचारतो. काय करू?"

त्यांनी पेन हातात धरलं होतं आणि ते खरोखर थांबले होते. एवढंच म्हणायचं होतं, की रंधा मारायला मी सांगितलं. मग त्या यादीत कदाचित माझं नाव आलं असतं. माझा व्हिसा, मुलीची शाळा, व्हिलातलं घर, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. चाचाचा मुलगा काही केल्या डोळ्यांसमोर आला नाही. मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग फोन करा ना मालकांना. आत्ता करा." मी म्हणालो, "आणि आपण कुठे जायचं?" ती पाणी आणायला म्हणून उठली. त्यानंतर गुढीला तिनं पैठणी कधी दिली नाही. साधं खणाचं कापड देते, आणि आम्ही फरशी पुसायच्या दांड्यावर परत आलो आहोत.

चाचा आठवड्यानं गेला. सकाळी दहाला कंपनीची बस विमानतळावर जाणार होती. मी वर्कशॉपमध्ये थांबायचं ठरवलं होतं, पण पाय तिकडे गेलेच. तो खिडकीशी बसला होता, मांडीवर हत्यारांची पिशवी. मी खिडकीखाली उभा राहिलो. जन्मभर तोंडावर पोट भरलेला माणूस मी, आणि म्हणालो काय तर, "चाचा, लड़के को बोलना, मन लगा के पढ़े."

"जी साब."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. चाचा खिडकीतून थोडा वाकला. तो चिडलेला नव्हता, उपहासही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. मी तो फार शोधला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"साब, वो आपका झंडा... अच्छा लगा था?"

"हाँ, चाचा."

"सबसे ऊँचा था ना?"

"सबसे ऊँचा," मी म्हणालो.

त्यानं समाधानानं मान हलवली आणि बस निघाली.